ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट : गती आणि सुरक्षा

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टद्वारे इंजिनाची शक्ती रोटाव्हेटर, मळणी यंत्र इत्यादी अवजारांना पुरविली जाते. त्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४०, म्हणजेच सेकंदाला ९ फेरे असते. ७ सें.मी. व्यासाच्या शाफ्टमध्ये धोतराचे टोक वा साडीचा पदर अडकल्यास सेकंदात सुमारे २ मीटर कापड गुंडाळले जाते. सावरण्यास अवधीच उरत नाही. दुहेरी क्लचचे पेडल अर्धे दाबल्यास केवळ चाके थांबतात, शाफ्ट फिरतच राहतो. उभा ट्रॅक्टर पाहून शाफ्टही थांबला असे समजणे म्हणूनच घातक ठरते. शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण साखळीने बांधलेले असल्याने स्वतः फिरत नाही. खरे संरक्षण तेच. परंतु ग्रीस देताना अडचण होते म्हणून नेमके तेच काढले जाते, आणि बहुधा पुन्हा बसविले जात नाही.