औषध सुटतं कुठे?

(लेखमाला : एचआयव्ही समजून घेताना – लेखांक 6)

मागच्या लेखांकात आपण गोळीची माहिती घेतली. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात फुकट. ती नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका घटतो की चाचणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. एवढं सोपं असताना विशीतली मुलं औषध का सोडतात?

कंटाळा हे एक कारण आहेच. जन्मतः लागण झालेल्या मुलाने विशीपर्यंत हजारो वेळा औषध गिळलेलं असतं. आईवडील अनेकदा हयात नसतात. आजीने वाढवलेलं असतं आणि आता तीच थकलेली असते. लहानपणी कुणीतरी गोळी हातावर ठेवत असे. आता होस्टेलच्या खोलीत, हॉटेलच्या रात्रपाळीत किंवा मोपा विमानतळावरच्या शिफ्टमध्ये डबी आपली आपण, कुणाच्या नजरेला न पडता उघडायची. तब्येत ठणठणीत असते, म्हणून चार दिवस चुकले तरी काही जाणवत नाही. विषाणू मात्र शरीरात दडून असतो. औषध थांबलं की तो पुन्हा वाढतो, आणि औषध अर्धवट पोटात जात असताना वाढला तर त्या औषधालाच दाद न देणारा होऊ शकतो.

गोव्यातल्या पेडण्यासारख्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे, ती ओळखीची. पार्सेतून चोपडे-शिवोली पुलावरून म्हापशाला निघालेल्या मुलाला बसमध्ये दोघेजण तरी विचारणार, “खंय चल्लंस रे?” इस्पितळाच्या रांगेत शेजारच्या वाड्यावरची मावशी भेटायची भीती वेगळीच. गावात सगळे सगळ्यांना धरून असतात याचा आपल्याला अभिमान आहे. ज्याला काही लपवायचं आहे त्याला तेच जाचतं. म्हणून इथे आधार द्यायचा तर चार माणसं गोळा करून भागत नाही. त्याने स्वतः निवडलेलं एखादं माणूस लागतं.

म्हापशाचं नाव निघालंच आहे तर हेही सांगायला हवं. 1989 साली पर्राचा डॉमिनिक डिसोझा रक्तदान करायला गेला, तपासणीत एचआयव्ही निघाला, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस डांबून ठेवलं. कायदाच तसा होता. त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं? आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली, मित्रांनी आवाज उठवला. पुढे 1992 मध्ये डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. प्रभावी औषधं यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. त्याच्याकडे माणसं होती, गोळी नव्हती. आज गोळी आहे. मात्र 2014 साली रिवणच्या एका शाळेत, अनाथाश्रमातली 13 मुलं एचआयव्हीग्रस्त असावीत या नुसत्या संशयावरून पालकांनी त्यांना शाळेत ठेवायला विरोध केला. अशा वातावरणात वाढलेलं पोर मोठेपणी डबी का लपवतं, हे वेगळं समजवायला नको.

आधाराने औषध खरोखर टिकतं का, याचं चांगलं उत्तर झिम्बाब्वेतून आलं. तिथल्या ‘झ्वांदिरी’ या कार्यक्रमात स्वतः एचआयव्हीसह जगणारे 18 ते 24 वयाचे तरुण प्रशिक्षण घेऊन किशोरवयीन मुलांच्या घरी जातात, फोन करतात, गट भरवतात. 16 दवाखान्यांत याची चाचणी झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्या मुलांत 36 टक्के जणांचा विषाणू आटोक्याबाहेर गेला किंवा मृत्यू ओढवला. आधार मिळालेल्यांत हेच प्रमाण 25 टक्के होतं. औषध तेच होतं. मला यातली महत्त्वाची बाब वयाची वाटते. “मीही घेतो” हे समवयस्काने सांगितलं तर पटतं. तेच मोठ्यांनी सांगितलं की उपदेश होतो.

घरच्यांचं प्रेम कधीकधी पहाऱ्यात बदलतं, तेही टाळायला हवं. “घेतलीस का?” हा रोजचा सवाल चिडवतो आणि खोटं बोलायला शिकवतो. केंद्रात सोबत जाणं, बसचं भाडं देणं, शिफ्ट बदलून देणं, गोळी चुकली तर न रागावता ऐकून घेणं, यांनी जास्त काम होतं. आणि गुपित आपलं नाही, हे लक्षात ठेवायचं. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही, आणि त्या कारणाने नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करणंही बेकायदा आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं औषध मध्येच सुटलं असेल, तर लाजून घरी बसू नका. केंद्रात परत जा; तिथले समुपदेशक असे परतलेले रुग्ण नेहमीच पाहतात. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन टोल-फ्री आहे.