कॉफीचा बहर

संत्र्याची बाग ताणावर सोडून मग पाणी देऊन बहर धरणें आमच्या वाचकांस परिचितच आहे. कॉफीचा न्यायहि तोच. मात्र तेथें ताण व पाणी दोन्ही बहुधा निसर्गच देतो. कोडगू व चिकमगळूरकडील मळ्यांत पावसाळा सरतांना पानांच्या बेचक्यांत कळ्या धरूं लागतात आणि पुढें कोरड्या दिवसांत त्या निजून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत एक चांगली सर आली, कीं सुमारें ८-१० दिवसांत सारा मळा पांढऱ्या सुवासिक फुलांनीं भरतो. हा बहर दोन-तीन दिवसच टिकतो. सर अपुरी पडल्यास कळ्या अर्धवट फुगून वाळतात व वर्षाचें पीक हातचें जातें. म्हणून ज्यांस पाण्याची सोय आहे, ते रोबस्टाच्या मळ्यास तुषार-सिंचनानें वेळेवर पाणी देतात. अरेबिकाचें फळ ८-९ महिन्यांत, तर रोबस्टाचें १०-११ महिन्यांत पिकतें. फळें पोसत असतांच पुढील सालच्या पिकाची कोंवळी फांदी वाढत असते. भार अति झाल्यास ती खुंटते. यास्तव तोडणीनंतर छाटणी अवश्य करावी. एका सालच्या लोभानें दुसरें साल बुडवूं नये, इतकेंच आमचें सांगणें.