रक्ताचा नमुना घेण्याचे काम: शिरण्याआधी

कोणाचे काम काय? फ्लेबोटॉमिस्ट नमुना घेतो, लॅब टेक्निशियन तपासतो. अहवालावर सही पॅथॉलॉजिस्टची. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल डिसेंबर २०१७ चा.

वाट: बारावी विज्ञान, मग डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका). केवळ नमुना संकलनाचे छोटे अभ्यासक्रमही असतात.

सुई टोचताना: कोपराच्या खळगीतली शीर पहिली पसंती. दंडाचा पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. रुग्णाने मुठीची सारखी उघडझाप केली, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

ट्यूबचा रंग, याच क्रमाने:
- फिकट निळी: रक्त गोठण्याच्या चाचण्या. खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट.
- लाल किंवा पिवळी: सीरमच्या चाचण्या.
- जांभळी: सीबीसी, एचबीए१सी. यातले ईडीटीए लाल ट्यूबमध्ये गेले, तर पोटॅशियम वाढलेले, कॅल्शियम घटलेले दिसते; म्हणून ही नंतर.
- करडी: साखर.

ब्लड कल्चर असेल, तर ते सर्वांच्या आधी.

लेबल: रुग्णासमोरच. नाव आपण उच्चारायचे नाही, त्यालाच सांगू द्यायचे.

स्वतःसाठी: हिपॅटायटिस बीची लस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही. ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात.