बोटांचा चाळा, चिप्सची चळत

रायपूरच्या गोल बाजारात दिवाळी जवळ आली की पूजेच्या सामानाच्या दुकानांत कवड्या दिसू लागतात. कोणी लक्ष्मीपूजनासाठी चार-पाच घेतं, कोणाला राऊत नाचाच्या पोशाखावर शिवायला भरपूर हव्या असतात. घेणारा कोणीही असो, मूठभर कवड्या तळहातावर आल्या की तो त्या खुळखुळवून पाहतोच. त्यात पारखण्यासारखं फारसं काही नसतं. हाताला चाळा लागतो, इतकंच.

एकेकाळी याच कवड्या देऊन बाजारात जिन्नस मिळायचे आणि याच कवड्या पचिसीच्या पटावर दान टाकायला वापरायचे. वस्तू एकच, पण ती पैसाही होती आणि खेळणंही. आज तिची जवळची नातलग शोधायची तर ती पोकरच्या टेबलावर सापडेल. चिप. आणि तीही हातात आली की माणसाला स्वस्थ बसवत नाही.

सिनेमातला कॅसिनोचा प्रसंग किंवा पोकरचा एखादा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर हे दृश्य ओळखीचं वाटेल. खेळाडूचा चेहरा दगडासारखा, पण एक हात सतत चालू. चिप्सच्या दोन छोट्या चळती शेजारी शेजारी असतात. बोटं त्या कडेने उचलतात, त्या एकमेकींत सरकतात आणि एकच चळत होते. पुन्हा दोन भाग, पुन्हा एक. याला चिप्स शफल करणं म्हणतात. पत्ते पिसले तर निदान त्यांचा क्रम बदलतो. चिप्स पिसून खेळात कोणाचंही काहीच बदलत नाही.

मग हा उद्योग कशासाठी? कारण पोकर हा मुख्यतः वाट पाहण्याचा खेळ आहे. नऊ जणांच्या टेबलावर तासाभरात साधारण २५ ते ३० डाव होतात आणि शहाणा खेळाडू त्यांतले बहुतेक पत्ते पाहताक्षणी टाकून देतो. उरलेला वेळ नुसतं बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. नवख्याला हे सोसत नाही. हात शिवशिवतो आणि केवळ काहीतरी करायचं म्हणून तो टुकार पत्त्यांवर पैसे लावतो. जुना खेळाडू हाताला काम देतो. आजी गप्पा मारताना वाती वळते ना, तसंच हे.

ही सवय जगभर पसरली ती टीव्हीमुळे. २००३ साली अमेरिकेतल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने जिंकली. (आडनाव खरंच हेच आहे.) तो ऑनलाइन पात्रता फेरीतून आला होता आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. मग घरोघरी लोक पोकर बघू लागले आणि खेळाबरोबर त्याच्या लकबीही उचलू लागले.

कॅरमच्या सोंगट्यांवर करून बघा

चिप्स नसल्या तरी चालेल. तीन काळ्या आणि तीन पांढऱ्या सोंगट्या घ्या. कॅसिनोतली चिप साधारण ३९ मिलिमीटर रुंद असते, आपली सोंगटी ३१च्या आसपास आणि जाडीला बरीच जास्त, त्यामुळे थोडं अवघड जाईल. टेबलावर टॉवेल पसरा, गुळगुळीत काचेवर जमणार नाही. दोन चळती चिकटवून ठेवा. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने अनामिका आणि करंगळी लावा. तर्जनी पुढून आधार देईल. आता दोन्हीकडून हलकेच दाबत, दोन चळती जिथे मिळतात तिथे मधल्या बोटाने कडा किंचित उचला आणि सोडा. सुरुवातीला सोंगट्या सोफ्याखाली जातील.

हाताने नाही जमलं तरी यातली गंमत टेबलावर मांडून बघता येते. सहा सोंगट्यांची ओळ करा, आधी तीन काळ्या, मग तीन पांढऱ्या. ओळ मधोमध तोडून दोन्ही भागांतली एकेक सोंगटी आळीपाळीने घ्या, पण सुरुवात दरवेळी उजव्या भागापासून करा. पहिल्या फेरीत रंग एकाआड एक होतात. दुसऱ्या फेरीत सगळा घोळ दिसतो. तिसऱ्या फेरीत काळ्या काळ्यांत आणि पांढऱ्या पांढऱ्यांत, अगदी होत्या तशा. मुलांना हे दाखवा आणि आठ सोंगट्यांना याच पद्धतीने किती फेऱ्या लागतात ते शोधायला सांगा. उत्तर सहा आहे, पण लगेच सांगू नका.

हात काय बोलतो?

टेबलावरचे बाकीचे लोक हा आवाज ऐकत असतात. सतत चाललेला हात अचानक थांबला, तर काहीतरी बदललंय एवढं कळतं. चांगलं की वाईट, ते त्यावरून ठरवणारे बहुधा फसतात. मात्र हात बोलतो हे खरं. २०१३ साली मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. व्यावसायिक खेळाडू चिप्स पुढे सरकवतानाचे तुकडे त्यांनी प्रेक्षकांना दाखवले. नुसता चेहरा पाहणाऱ्यांना पत्ते किती चांगले ते ओळखता आलं नाही. नुसते हात पाहणाऱ्यांचा अंदाज मात्र योगायोगापेक्षा बरा ठरला.

पण मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती चिप स्वतः. गोव्यात १९७६च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनसाठी आणि १९९६ साली जहाजावरच्या कॅसिनोसाठी दुरुस्ती झाली. आज मांडवीत उभ्या असलेल्या त्या झगमगत्या बोटी तुम्ही पणजीला पाहिल्या असतील. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे, हे बऱ्याच पर्यटकांना ठाऊक नसतं. आत गेल्यावर काउंटरवर नोटा द्यायच्या आणि चिप्स घ्यायच्या. पाचशेच्या नोटेत किती दूध, किती भाजी येते हा हिशेब त्या काउंटरपलीकडेच राहतो. हातात येतं ते रंगीत, वजनदार, छान वाजणारं खेळणं. जे पाच मिनिटं बोटांत खेळवलं, ते पुढे सरकवताना पैसे गेल्यासारखं वाटत नाही.

तरीही टेबलावरच्या चिपला वजन असतं. चळत बुटकी झालेली डोळ्यांना दिसते, बोटांना कळते. फोनवर तेही नाही. तिथे एकाच टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, शिवाय एका वेळी अनेक टेबलं उघडता येतात. वाट पाहणं संपलं आणि हाताला चाळा लावून मनाला आवरण्याची ती मधली जागाही गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. त्यात पोकर आणि रमीही आले. पण महादेव अ‍ॅपचं प्रकरण रायपूर-भिलाईकडच्या घरांनी जवळून पाहिलं आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्यासह २२ अ‍ॅप आणि वेबसाइट बंद केल्या. असल्या अ‍ॅपचं दुकान एका नावाने बंद झालं की दुसऱ्या नावाने लिंक फिरू लागते.

म्हणून मुलगा किंवा मुलगी जेवणाच्या टेबलावर नाणी पिसत बसली, तर लगेच घाबरू नका. ती बोटांची कसरत आहे, पेन फिरवण्यासारखी. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. रात्री उशिरापर्यंत फोन उलटा धरून बसणं, यूपीआयच्या यादीत अनोळखी नावांना गेलेल्या लहान लहान रकमा, मित्रांकडून घेतलेले उसने पैसे, आणि विचारलं की चिडचिड.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असंही म्हणतात, त्यामुळे घरी तीन पत्तीचा डाव पडणारच. चिप्सना पैशाची किंमत देऊ नका. प्रत्येकाला सारख्या वाटा, संपल्या की त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. आणि घरातलं कोणी फोनवरच्या जुगारात खरंच अडकलं असेल, तर आरडाओरडा करण्याआधी त्याच्या शेजारी बसून १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.