जागतिक आरोग्य आणीबाणी : व्याख्या, निकष आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. प्रकृती, आहार, वय भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश व काल हे सर्वांना समान असलेले भाव दूषित होतात, हे आत्रेयांचे उत्तर. आज जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेपुढे असतो तो पुढचा प्रश्न : संकट आले, हे केव्हा म्हणावे?

१९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत केवळ सहा रोगांची यादी होती. पुढे ती पटकी, प्लेग व पीतज्वर या तिघांवर आली. २००३ च्या सार्सने यादीची मर्यादा उघड केली. २००५ मध्ये स्वीकारलेले व १५ जून २००७ पासून अमलात आलेले नियम रोगाच्या नावापेक्षा घटनेचे स्वरूप पाहतात. परिणाम गंभीर आहे काय? घटना असाधारण वा अनपेक्षित आहे काय? परदेशी प्रसाराचा मोठा धोका आहे काय? प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याची मोठी शक्यता आहे काय? यांपैकी दोहोंचे उत्तर होकारार्थी आल्यास त्या राष्ट्राने चोवीस तासांत संघटनेस कळवावयाचे असते. तज्ज्ञांची समिती सल्ला देते. घोषणा मात्र महासंचालक करतात.

कोविडच्या वेळी २२ व २३ जानेवारी २०२० रोजी समितीत मतभेद झाले. घोषणा ३० जानेवारीस झाली. केरळात भारतातील पहिला रुग्ण त्याच दिवशी निश्चित झाला. ११ मार्चचा बहुचर्चित 'पॅन्डेमिक' हा शब्द तेव्हा या नियमांत नव्हताच. 'पॅन्डेमिक आणीबाणी' ही वरची पायरी २०२४ च्या दुरुस्तीने आली व १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली.

येथे स्वतःचा प्रमाद नमूद करणे प्राप्त आहे. ३० जानेवारीची बातमी वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. मार्चअखेर रुग्ण गुळवेल मागू लागले, तेव्हा माझ्या औषधालयातील बरणी रिकामी होती. भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा, असे आत्रेयांनी त्याच अध्यायात शिष्यांना बजावले आहे. तो अध्याय मी परीक्षेसाठी पाठ केला होता. आचरणात आणला नव्हता.

घोषणा जिनिव्हात होत असली तरी तिची पहिली खूण एखाद्या वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागातच उमटते. एकाच गावातून एकाच लक्षणांचे चार रुग्ण आले, तर नोंद करून आरोग्य अधिकाऱ्यांस त्वरित कळवावे. औषध विक्रेत्यांनी साठा वेळीच तपासावा, भाव वाढवू नयेत. आणि अप्रमाणित 'रामबाण' उपायांची जाहिरात तर मुळीच करू नये. संकटकाळी वैद्याजवळ विश्वास हीच खरी शिदोरी असते.