पुरवणीतली झाडं

'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ 1861 मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून बाहेर पडला. निकोल डॅलझेल आणि अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे कर्ते. कोकणातल्या झाडाझुडपांचा नाद लागलेल्या माणसाला हा ग्रंथ टाळता येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या सड्यांवर फुलणाऱ्या पांढऱ्या दीपकाडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1850 मध्ये याच डॅलझेलने केलं. मी मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उघडतो ती या ग्रंथाची शेवटची पानं. इथल्या मूळच्या वनस्पती संपल्यावर तिथे एक पुरवणी जोडलेली आहे. ती बाहेरून आणलेल्या आणि इथे रुजलेल्या वनस्पतींची आहे. तिच्या पानांचे आकडेही वेगळे. घरचे कोण आणि पाहुणे कोण, याचा हिशेब त्या दोघांनी मिसळू दिला नाही.

हा हिशेब गिब्सनला नीट ठाऊक असणार, कारण त्यातले कितीतरी पाहुणे आणून वाटण्याचं कामच त्याच्याकडे होतं. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे आला आणि 1838 ते 1847 पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावायच्या, परदेशी बियाणं रुजवून पाहायचं आणि जमलं तर ते इलाख्यात पाठवायचं, हे त्या बागेचं काम. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकणातली जंगलतोड आणि त्यामुळे आटणारे झरे यांबद्दल सरकारला कळकळीने लिहिणारा गिब्सन तो हाच. त्याने 1847 ते 1850 च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

गिब्सनला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. परदेशी म्हणजे वाईट, असं तर मुळीच नाही. काजू ब्राझीलचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या त्याच्या जातींवर आज सिंधुदुर्गातली कितीतरी घरं उभी आहेत. मिरची, पेरू, अननस हे सगळेही पाहुणेच. बाहेरून आलेल्या शेकडो झाडांतली थोडीच कुंपण ओलांडतात. ती कोणती, हे वेळेत ओळखणं ही खरी अडचण आहे.

वेळेत म्हणजे किती वेळात? जर्मन संशोधक इंगो कोवारिक यांनी 1995 मध्ये ब्रांडेनबर्ग प्रांतातल्या परक्या झाडाझुडपांच्या जुन्या नोंदी तपासल्या. एखादी जात पहिल्यांदा लावल्यापासून ती आपोआप पसरू लागेपर्यंत सरासरी 147 वर्षं गेली होती. तिकडची हवा थंड. आपल्याकडे पाऊस, ऊन आणि ऊब यांमुळे हा काळ कमी असू शकेल. तरी मुद्दा तोच राहतो: लावणारा माणूस परिणाम पाहायला उरत नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत रंगीबेरंगी फुलांसाठी आली. जलपर्णी त्याच शतकाच्या अखेरीस बंगालात तिच्या जांभळट फुलांसाठी आली. रानमोडीचा प्रवासही शोभेच्या झाडापासूनच सुरू झाल्याचं मानतात. आज काजूच्या बागा बेणताना रानमोडीशी किती झगडावं लागतं, ते कुठल्याही बागायतदाराला विचारा.

आता मालवण किनाऱ्याकडे येतो. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि तारकर्ली-देवबागपासून आतल्या वाड्यांपर्यंत निवासस्थानांच्या पुढ्यात बागा आल्या. पूर्वी परसात माड, केळ, अबोली आणि तुळस असायची. आता पाहुण्यांना दिसेल अशी तयार हिरवळ हवी असते. ती पिशव्यांतून आणि ट्रकांतून येते. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्या देशभर रोपं पुरवतात आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा पट्टाही मोठा आहे. या हिरवळीत सर्रास दिसणारं एक झाड जवळून पाहण्यासारखं आहे: वेडेलिया.

पान जाड, तुकतुकीत, बहुधा तीन खाचांचं. सूर्यफुलाच्या घरातलं छोटं पिवळं फूल. देठ जमिनीलगत पळतो आणि प्रत्येक पेऱ्याला मुळं सोडतो. बी क्वचितच रुजतं, आणि तिथेच मेख आहे. ही वेल वाऱ्याने किंवा पाखरांनी फारशी पसरत नाही, ती माणसाच्या हाताने पसरते. बाग छाटली, कचरा घमेल्यात भरला आणि चिऱ्याच्या गडग्यापलीकडे टाकला, की मृगाच्या पावसात त्यातल्या एकेका तुकड्याला मुळं फुटतात. तिथून व्हाळ आणि व्हाळातून मळा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी जोडलेल्या जगातल्या शंभर घातक आक्रमकांच्या यादीत वेडेलिया आहे. त्याच यादीत घाणेरी, रानमोडी, जलपर्णी, सुबाभूळ आणि रस्त्याकडेला हौसेने लावलेली लाल फुलांची पिचकारीही आहे.

नर्सरीत रोप विकताना त्याचे गुण सांगतात: पाणी फार लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, कसल्याही जमिनीत येतं, महिनाभरात जागा झाकतं. हे चारही गुण आक्रमक झाडाची लक्षणं आहेत. ज्या झाडाची एवढी स्तुती होते, त्याची चौकशी आधी करावी, असं मी ठामपणे म्हणेन.

कायदा इथे अर्धवट उभा आहे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे. आंब्याचं कलम विकायला परवाना लागतो. शोभेच्या रोपांना हा कायदा लागू नाही. परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी 2003 चा वनस्पती संगरोध आदेश आहे, पण एकदा देशात शिरलेलं रोप कडियमहून कुडाळला येताना कुणी अडवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने 62-अ हे कलम आलं. आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर बंधन घालण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. युरोपीय संघाने 2016 मध्येच आक्रमक जातींची यादी काढून जलपर्णीची विक्री बंद केली. आपल्याकडे ती कुंडीत तरंगणारी शोभा म्हणून आजही विकत मिळते. धामापूरसारखा 1530 मध्ये बांधलेला, 2020 मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून गौरवला गेलेला तलाव ज्या तालुक्यात आहे, तिथे ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. फिश टँक रिकामा करणारा एक माणूस पुरे आहे.

62-अ कलमाखालची दिल्लीची अधिसूचना येईपर्यंत थांबायचं कारण नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत गावच्या झाडांबरोबर बागेतून बाहेर पडलेल्या झाडांचंही एक पान असावं. गावातल्या प्रत्येक नर्सरीवाल्याला आणि निवासस्थानाच्या मालकाला ते पान दाखवावं. नर्सरीवाला शत्रू नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो आणतो.

म्हणून गिऱ्हाइकाने मागणं बदलायला हवं. वाळूवर मर्यादवेल मागा, कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा, सावलीला उंडी आणि करंज, वासासाठी सोनचाफा, बकुळ आणि वेंगुर्ल्याच्या आसोलीने नावारूपाला आणलेली सुरंगी. वेडेलिया आधीच लावली असेल, तर ती पावसाआधी मुळांसकट उपटा, उन्हात कडकडीत वाळवा आणि एकही ओला तुकडा आवाराबाहेर जाऊ देऊ नका. रोप घेताना तीन प्रश्न विचारा: हे मूळचं कुठलं, ते कशाने पसरतं आणि नको झालं तर काढता येतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ते रोप नर्सरीतच राहू द्या.