शोध एका सुराचा

प्रत्येक माणसाला कसला ना कसला ध्यास असतो. कुणी दुर्मिळ नाणी जमवतो, कुणी गडकिल्ले पालथे घालतो. मला गेली चार वर्षे ज्या वस्तूने झपाटून टाकले होते, ती मुठीत मावेल एवढीच आहे. टेनर सॅक्सोफोन या वाद्याच्या टोकाला बसवायचा तो माउथपीस. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि बँकेचा अधिकारी या नात्याने आकडेमोड हा माझा नित्याचा व्यवहार. परंतु या छोट्याशा वस्तूने माझे सारे हिशेब चुकवले आणि अखेरीस एक धडाही शिकवला. त्याचीच ही हकिगत.

बदलीच्या निमित्ताने पुण्याहून कोलकात्यास आलो तेव्हा हे शहर मला सर्वस्वी अपरिचित होते. एका सायंकाळी लालबझार भागातील वाद्यांच्या दुकानांवरून जाताना काचेआड ठेवलेला एक जुना टेनर सॅक्सोफोन दिसला आणि पाय थबकले. हिंदी चित्रपटगीतांतून हा स्वर लहानपणापासून कानांवर पडत आलेला. ज्यांच्या सॅक्सोफोनने अनेक गाणी अजरामर केली ते मनोहारी सिंग याच कोलकात्यात १९३१ साली जन्मले आणि १९५८ मध्ये मुंबईस गेले, हे पुढे समजले. त्या दिवशी मात्र मी काहीही न शिकता वाद्य घेऊन घरी आलो!

गुरूही लवकरच भेटले. रिपन स्ट्रीटवर राहणारे, मूळचे गोव्याचे एक वयोवृद्ध वादक. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य संगीत शिकवले जात असे. तेथे घडलेल्या असंख्य वादकांनी मुंबई-कोलकात्याची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखे नामवंत सॅक्सोफोनवादकही काही काळ कोलकात्यात वाजवीत असत. आमचे सर त्याच परंपरेतले, पण प्रसिद्धीपासून दूर राहिलेले. ते कोंकणीमिश्रित मराठी बोलत आणि मला ‘पुता’ म्हणत. परमुलखात ती हाक ऐकून घरी आल्यासारखे वाटे.

पितळेचे वाद्य, वेताचा प्राण

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराला २८ जून १८४६ रोजी फ्रान्समध्ये या वाद्याचे पेटंट मिळाले. अंगकाठी पितळेची असूनही पाश्चात्त्य संगीतात सॅक्सोफोनची गणना काष्ठवाद्यांत होते, कारण त्याचा ध्वनी वेतासारख्या बोरूच्या पातळ पट्टीतून, म्हणजेच रीडमधून उमटतो. ही रीड माउथपीसच्या सपाट पाठीवर ठेवून पट्ट्याने आवळतात. फुंकर घालताच ती थरथरते आणि माउथपीसचे तोंड क्षणोक्षणी उघडते-मिटते. टेनरचा सर्वांत खालचा स्वर लावला की ही उघडझाप सेकंदाला सुमारे १०४ वेळा होते.

रीड जिच्यावर टेकत जाते ती माउथपीसची कड सरळ नसते. टोकाकडे ती अगदी हलक्या वळणाने रीडपासून दूर जाते. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात, तिची येथे आठवण होते. घोडीचा पृष्ठभाग कानसून त्याला असा बाक दिला जातो की तार त्यावर हलकेच घासत राहावी आणि स्वर झंकारावा. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या कारागिरांना हे कौशल्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे तार आणि घोडी, येथे रीड आणि कड. पण दोन्हीकडे स्वराचा स्वभाव त्या अदृश्यप्राय वळणावर ठरतो.

एका नोटेच्या जाडीचा प्रश्न

माउथपीसचे टोक आणि रीडचे टोक यांतील फट किती असावी, हा यातील सर्वांत चर्चेचा विषय. नवशिक्याच्या टेनर माउथपीसमध्ये ती साधारण १.७ मिलिमीटर असते. अनुभवी जॅझवादक २.५ मिलिमीटरहून अधिक फट पसंत करतात. ओटो लिंक या प्रसिद्ध अमेरिकी माउथपीसच्या मोजणीत ‘सात’ क्रमांक म्हणजे इंचाचा दहावा भाग, अर्थात २.५४ मिलिमीटर. त्यापुढचा ‘सात तारा’ क्रमांक म्हणजे २.६७ मिलिमीटर. दोहोंतील अंतर एका करकरीत नोटेच्या जाडीहून फारसे अधिक नाही. तरीही ओठांना ते तात्काळ कळते! फट मोठी असली की आवाज भरदार होऊ शकतो, परंतु श्वास अधिक लागतो, ओठ लवकर थकतात आणि स्वर ताब्यात ठेवणे कठीण जाते.

फटीखेरीज आतील घडणही महत्त्वाची. फुंकर आत शिरताच जो उतार लागतो तो उंच असेल तर आवाज तीक्ष्ण व झगझगीत होतो; खोल असेल तर मृदू. पुढची पोकळी प्रशस्त असेल तर स्वर गोल आणि गडद उमटतो. माउथपीस धातूचा असावा की एबोनाइटचा, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचा, यावर वादक हिरिरीने भांडतात. वस्तुतः पदार्थापेक्षा आतील आकाराचा परिणाम कितीतरी अधिक असतो.

खातेवही काय सांगते?

माझ्या वाद्याबरोबर आलेला प्लॅस्टिकचा माउथपीस नाकात बोलल्यासारखा वाजे. दोष त्याचाच, असा निष्कर्ष मी सहा महिन्यांत काढला. मग परदेशातून धातूचा, रुंद फटीचा माउथपीस मागवला. जकातीसह तो अठरा हजारांस पडला आणि दहा मिनिटांत माझे ओठ थकवू लागला. दुसरा उंच उताराचा घेतला. त्याचा आवाज इतका धारदार की खालच्या मजल्यावरील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने माझ्या सरावाच्या वेळा विचारून घेतल्या. तिसरा एबोनाइटचा, २.४ मिलिमीटरचा. हा मात्र जुळला. येथेच थांबलो असतो तर!

परंतु ‘आणखी थोडा मोकळा आवाज हवा’ या हव्यासापायी तो एका कारागिराकडे फट वाढवण्यास पाठवला. परत आला तेव्हा त्याची एक कड दुसरीहून खाली गेली होती. खालचे स्वर लावताच चिरका आवाज निघे. तसाच दुसरा विकत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यावर्षी ठरलेली दार्जिलिंगची सहल पुढे ढकलावी लागली. पत्नी एवढेच म्हणाली, “सूर दुकानात मिळाला असता तर सराव कुणी केला असता हो?”

या फजितीत एक समाधान होते. जॉन कोल्ट्रेन यांच्यासारख्या अलौकिक टेनरवादकाच्या वाट्यालाही नेमके हेच आले होते. आवडता माउथपीस अधिक चांगला व्हावा म्हणून त्यांनी दुरुस्तीस दिला आणि तो बिघडला. त्या काळात हवे तसे वेगाने वाजवता येईना, म्हणून आपण संथ रचनांकडे वळलो, असे त्यांनी १९६६ मधील एका मुलाखतीत सांगितले होते. ‘बॅलड्स’ आणि गायक जॉनी हार्टमन यांच्यासमवेतचा ध्वनिसंग्रह हे दोन्ही १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही रसिक ते तन्मयतेने ऐकतात. बिघडलेल्या माउथपीसमधून त्यांनी वाट काढली. मी मात्र नवा माउथपीस काढला!

व्यवसायाच्या सवयीने मी सरावाची एक वही ठेवली होती. तारीख, माउथपीस, रीडचा क्रमांक, सरावाची मिनिटे, शेरा. एका रविवारी सहज बेरजा मारल्या आणि चपापलो. ज्या ज्या महिन्यात नवा माउथपीस घरी आला, त्या त्या महिन्यात सरावाची मिनिटे घटली होती. वेळ जात होता तो तुलनेत, चौकशीत आणि स्वप्नात. इतरांच्या खात्यांत विसंगती शोधणारा मी, स्वतःच्या खात्यात इतकी मोठी तूट इतके दिवस पाहू शकलो नव्हतो.

दाराआडची परीक्षा

वही सरांना दाखवली. ते मनमुराद हसले आणि पुढच्या रविवारी आमच्या घरी आले. आतल्या खोलीत दार लोटून आधी मी आणि मग त्यांनी तीच आठ मात्रांची ओळ प्रत्येक माउथपीसवर वाजवायची. बाहेर पत्नी व मुलीने ऐकून कागदावर नोंद करायची, असे ठरले. रीड एकच ठेवली नाही; फटीला साजेशी घेतली, एवढीच सवलत.

निकाल असा लागला. माउथपीस बदलल्याचे दोघींना काही वेळा कळले, काही वेळा कळले नाही. पण कोण वाजवत आहे, हे एकदाही चुकले नाही. मी ज्याला नाके मुरडत होतो त्या प्लॅस्टिकच्या माउथपीसमधूनही सरांचा तो उबदार, किंचित घोगरा स्वर जसाच्या तसा उमटला होता.

यामागे शास्त्र आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी टेनर सॅक्सोफोन वाजवताना वादकाच्या तोंडात काय घडते याचे मापन केले आणि २००८ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. अतिउच्च स्वर लावताना अनुभवी वादक आपल्या मुखविवराचा आणि कंठाचा अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेतात. हौशी वादकांना ते साधत नाही आणि ते स्वरही लागत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे वाद्य माउथपीसपाशी सुरू होत नाही. त्याचा पहिला भाग आपल्या घशात असतो, आणि तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

मग माउथपीस निरर्थक आहे काय? मुळीच नाही. बिघडलेल्या माउथपीसने मला खालचे स्वर गाठू दिले नाहीत, हेही तितकेच खरे. योग्य माउथपीस अडथळा दूर करतो. सूर मात्र वादकालाच घडवावा लागतो.

सरांची भेट

मागील वर्षी सरांचे पुढचे वरचे दात काढावे लागले. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवून आधार घ्यायचा असतो. कवळी बसवली, पण ती हलू लागली आणि सरांनी वाजवणे थांबवले. एका सायंकाळी त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली. तो त्यांचा एबोनाइटचा माउथपीस होता. वर्षानुवर्षांच्या उन्हाने काळा रंग हिरवट-तपकिरी झालेला, वर दातांच्या दोन खोल खुणा.

खरे सांगतो, मनात मी याच माउथपीसची चार वर्षे अभिलाषा धरली होती. घरी येऊन थरथरत्या हातांनी तो लावला. आणि तो मला मुळीच जुळला नाही. फट फार मोठी, त्यांच्या दातांच्या खाचा माझ्या दातांच्या जागी नाहीत, स्वर फुटका. सरांना सांगताना शरम वाटली. ते शांतपणे म्हणाले, “पुता, ती माझ्या तोंडाची किल्ली. तुझ्या कुलपाला कशी लागेल? ठेव आठवण म्हणून.”

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचा बँकेत लॉकर आहे त्यांना ठाऊक असेल की तो एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली बँकेची, दुसरी ग्राहकाची. माउथपीस ही फार तर एक किल्ली. दुसरी ज्याची त्याने सरावाने घडवायची.

नव्या शोधकांसाठी

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी काही अनुभवाचे बोल. सुरुवात मध्यम फटीच्या, मध्यम पोकळीच्या माउथपीसने करावी. नवा पारखताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फट मोठी असेल तर रीड नरम लागते, हे ध्यानी ठेवावे. सर्वांत खालचा स्वर अगदी हळू आवाजात लागतो का आणि वरचे स्वर सुरात राहतात का, हे आधी पाहावे. वादकाला स्वतःचा आवाज दात आणि हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून काही अंतरावर भ्रमणध्वनी ठेवून मुद्रण ऐकावे. पहिल्या दिवशीच्या मोहावर विसंबू नये. निदान महिनाभर थांबावे. एबोनाइट उन्हात ठेवू नये, गरम पाण्याने धुऊ नये. आणि जुळलेला माउथपीस सुधारण्याचा मोह टाळावा!

माझा शोध त्या २.४ मिलिमीटरच्या साध्या एबोनाइटपाशी थांबला आहे. वहीतील माउथपीसचा रकाना मी वर्षभरापूर्वी बंद केला. मिनिटांचा रकाना मात्र चालू आहे. गेल्या महिन्यात बदलीचा आदेश आला. निरोप घेण्यासाठी रिपन स्ट्रीटवर गेलो तेव्हा वाद्य बरोबर नेले होते. अर्धा तास वाजवले. सर डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा हात वर करून त्यांनी एक ओळ पुन्हा वाजवावयास सांगितले, कारण श्वास चुकीच्या जागी घेतला होता. कोणता माउथपीस लावला आहे, असे मात्र त्यांनी विचारले नाही.